पायाखाली नसलेला ब्रेक

जिथं ब्रेक नव्हता तिथं मी ब्रेक दाबला. माझ्या आजारपणाची सुरुवात एवढ्या एका वाक्यात सांगून होते, आणि ओळखीचे लोक ते ऐकून आधी हसतात, मग माझ्या पायाकडं बघून गप्प होतात.

इस्लामपुरात माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक छोटी गाडी, एक पाटी आणि मी. शिकवायच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा घाबरला की त्याच्या आधी माझा उजवा पाय पडतो. हे इतकी वर्षं चाललंय की घरात टीव्हीवर कुणी गाडी जोरात घेतली तरी मी सोफ्यावर बसून फरशी दाबतो. मंदा, माझी बायको, म्हणते, "फरशी फुटंल वं."

त्या संध्याकाळी उंब्रज सोडून आम्ही कराडकडं निघालो होतो. गाडी माझी नव्हती आणि चालवतही मी नव्हतो. चालवत होते आमचे व्याही. मी त्यांच्या शेजारी, मंदा मागं. व्याह्यांनी मान मागं वळवली आणि विचारलं, "विहीणबाई, कराडात चहा घेऊया का?" विहिणीशी पाठ करून बोलायचं नाही, अशी त्यांची रीत. समोर रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. ती मला दिसली. मी "आवं" एवढंच म्हणालो आणि सवयीनं पाय दाबला, गुडघा ताठ करून, होती नव्हती तेवढी ताकद लावून.

पायाखाली नुसता पत्रा होता.

डॉक्टर नंतर म्हणाले, पाय सैल असता तर एवढं झालं नसतं. ताठ पायातनं सगळा मार घोट्यात उतरला आणि घोट्याच्या वरच्या हाडाचा चुरा झाला. व्याह्यांना कपाळावर टाके पडले. मंदाचं मनगट मुरगळलं. ज्याला गाडी कशी थांबवायची हे शिकवून पोट भरायचं होतं, त्याचाच पाय मोडला.

हाड कसं जुळतं, औषधं कुठली, हे मी लिहीत नाही. ते मला कळलेलं नाही. खाटेवर पडल्या पडल्या जे कळलं तेवढं लिहितोय. असा प्रसंग ज्याच्यावर आलाय, त्याला निदान असं वाटू नये की हे आपल्यालाच होतंय.

उघडून धरलेलं दार

आमची एकुलती एक लेक अश्विनी उंब्रजजवळच्या एका गावात दिली आहे. जावई फौजेत, लांब सरहद्दीवर. व्याहीसुद्धा फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, त्यामुळं सगळं गाव त्यांना सुभेदार म्हणतं आणि मीही; लेक तेवढी मामा म्हणते. अशूला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आम्ही दोघं तिला आणायला गेलो होतो. पण लेकीच्या सासूनं, आमच्या विहीणबाईंनी, कॅलेंडर काढलं. अमावास्या तोंडावर आली होती. "चार दिसांनी न्या, आमची काय ना न्हाई," त्या म्हणाल्या. आम्ही रिकामे परत निघालो.

माझी गाडी गॅरेजला होती म्हणून बसनं आलो होतो. स्टँडवर सोडा म्हटलं, तर सुभेदार उखडलेच. "बसनं? व्याही धक्के खात जाणार आणि माझी गाडी अंगणात झोपणार? चलो मास्तर, बैठो!" आणि त्यांनी डावीकडचं दार उघडून धरलं.

आता माझा एक नियम आहे, आणि त्या नियमापायी मी तालुक्यात चेष्टेचा विषय आहे. कुणाच्याही गाडीत बसायच्या आधी मी विम्याचा कागद विचारतो. एकदा माझ्या सख्ख्या मेहुण्याला विचारला, तर तो दिवाळीपर्यंत बोलला नाही. पण इथं व्याह्यांनी दार उघडून धरलेलं, विहीण उंबऱ्यात उभी, लेक आईला कुंकू लावतेय. अशा वेळी "विमा भरलाय का?" विचारायचं म्हणजे लेकीच्या सासऱ्याला त्यांच्याच दारात उभं करून झडती घेण्यासारखं. मी विचारलं नाही. पट्टा तेवढा लावला. त्याकडं बघून सुभेदार हसले. "मास्तर, डर लगता है क्या? तीस वर्षं फौजेत गाड्या हाकल्या. एक ओरखडा न्हाई."

दोन गोष्टी एकाच दिवशी

कराडच्या दवाखान्यात मला स्ट्रेचरवर ठेवलं होतं. पँट कापलेली, पायावर चादर. चादर उचलून बघायची माझी हिंमत झाली नाही. डॉक्टरांनी उचलली, बघितली आणि फार हळू खाली ठेवली. त्या हळूपणावरनं मला कळलं. ते म्हणाले, "इथं होणार नाही. सांगलीला न्या, लगेच." मग थोडं थांबून, "पाय वाचवायचा प्रयत्न करतील."

मी आयुष्यभर शिकणाऱ्यांच्या आयांना सांगत आलोय, "प्रयत्न करू, जमंल पोराला." त्या शब्दाचा अर्थ काय असतो हे मला चांगलं ठाऊक होतं.

तेवढ्यात पोलीस आला. त्यानं सुभेदारांकडं गाडीचे कागद मागितले. सुभेदारांचं कपाळ बांधलेलं, शर्टावर रक्त, तरी ते ताठ उभे. त्यांनी पिशवी पुढं केली. पोलिसानं कागद चाळले, परत चाळले.

"विमा?"

सुभेदारांनी पिशवीत परत हात घालून बघितला.

"सुभेदारसाहेब, विमा संपून लय दिवस झालं की."

"भरायचा राहिलाय," सुभेदार म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता.

पोलीस माझ्याकडं वळला आणि त्यानं मला ओळखलं. त्याच्या बायकोला मीच गाडी शिकवली होती. तो वाकून हळूच म्हणाला, "मास्तर, तुमीसुद्धा?"

पाय दुखत होता की नव्हता, आता आठवत नाही. "तुमीसुद्धा" मात्र अजून दुखतंय.

वॉर्ड

सांगलीच्या दवाखान्यात माझ्या पायाला बाहेरनं लोखंडी सळया बसवल्या. पाय बांधकामाला काढल्यासारखा दिसायला लागला. सकाळी ड्रेसिंगची गाडी यायची. तिच्या एका चाकाला तेल नव्हतं. दारापासनं एकेका खाटेशी थांबत तो कुईकुई आवाज माझ्याकडं यायचा. मला ड्रेसिंगपेक्षा त्या चाकाची भीती जास्त. सिस्टर म्हणायच्या, "मास्तर, बोटं हलवा." मी सगळा जीव गोळा करून हलवायचो. "हलवा की." हलवतोच आहे म्हटल्यावर त्या कागदावर लिहून घ्यायच्या.

शेजारच्या खाटेवर अण्णा होते. सांगलीजवळच्या गावचे जैन गृहस्थ, हळदीचे व्यापारी. गोदामात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायला पाहिजे, म्हणून त्यांची सून उन्हं असतानाच डबा घेऊन यायची. दवाखान्याचं जेवण यायला वेळ असायचा. ज्वारीची भाकरी, बिनलसणाची शेंगांची चटणी, दही. अण्णा अर्धी भाकरी मोडून माझ्याकडं सरकवायचे. "घ्या मास्तर. तुमचा उजवा पाय गेलाय, माझा डावा. दोघांत मिळून एक माणूस चालतोय आपला."

त्या मुक्कामात मी हसलो असेन तर फक्त अण्णांच्या खाटेकडं तोंड करून.

एका दुपारी त्यांना धाप लागली. पडदा ओढला, खाट ढकलत बाहेर नेली. दुसऱ्या दिवशी खाट परत आली तेव्हा तिच्यावर दुसरी चादर होती आणि दुसरा माणूस. सून डबा न्यायला आली होती. भिंतीकडच्या कपाटातला रिकामा डबा तिनं घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि नमस्कार करून गेली.

भेटायला येणारे

आमच्याकडं माणूस पडला की सगळा मुलूख भेटायला येतो. प्रत्येकाच्या हातात शहाळं आणि प्रत्येकाच्या ओळखीत असा एक जण, ज्याचा पाय असाच मोडला होता. त्याचं पुढं काय झालं ते सांगता सांगता ते मध्येच थांबायचे. त्यांच्या थांबण्यावरनं मी समजून घ्यायचो. एकानं तर हाडवैद्याचा पत्ता सळईला अडकवून ठेवला.

आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "गाडी चालवत कोण हुतं?"

सुभेदार रोज यायचे. उंब्रजहून सांगली, रोज. खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे, बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. त्यांच्यासमोर हा प्रश्न आला की मी म्हणायचो, "गाडी थांबली तवा कुणीच चालवत नव्हतं." लोक हसायचे. सुभेदार हसायचे नाहीत.

पोलीस जबाब घ्यायला सांगलीला आला त्या दिवशी मात्र मला विनोद करावा लागला नाही. मी तोंड उघडायच्या आधीच सुभेदार म्हणाले, "लिहा. गाडी माझी. मी चालवत होतो. मान मागं होती. विमा नव्हता." पाय जुळवून, हात मांडीला लावून उभे होते, साहेबासमोर उभे राहावेत तसे. पोलिसानं विचारलं, "मास्तर, असंच?" मी हो म्हणालो. खोटं काही सांगायला लागलं नाही, हा त्यांचा माझ्यावरचा उपकार. पण लेकीच्या सासऱ्याविरुद्धच्या कागदावर केलेली ती सही मला माझी वाटत नाही.

फोन

या सगळ्यात अशू आली नाही.

पहिल्यांदा मला त्यात काही वाटलं नाही. पोटुशी पोर, तिला दवाखान्यात कोण आणतंय? सुभेदारही तेच म्हणाले, "पोरीला इथली हवा नको." पण ती फोनवरही माझ्याशी बोलायची नाही. मंदाच्या फोनवर रोज फोन यायचा. "आप्पा जेवले का? ताप आहे का?" मंदा म्हणायची, "घे, त्यांच्याशीच बोल." मी फोन कानाला लावेपर्यंत तो बंद झालेला.

एकदा झालं, दोनदा झालं, मग मी फोनला हात पसरायचं सोडून दिलं.

मंदाचा धाकटा भाऊ बाळू, तोच तो विमा विचारल्यावर रुसलेला, सांगलीत वकिलाकडं कामाला असतो. तो खाटेवर बसून म्हणाला, "दाजी, तुमास्नी कळत न्हाई का? पोरीला बोलू देत न्हाईत ती माणसं. तुमी दावा लावू नये म्हणून."

"कसला दावा?"

"नुकसानीचा. विमा असता तर तुमी कंपनीशी भांडला असता. आता विमा न्हाई, म्हणजे भांडायचं ते सुभेदाराशी. त्यांचं घर, त्यांचं रान, सगळं आलं त्यात. ठोका केस. पाय गेल्यावर शाळा कशी चालवणार तुमी?"

"ए, पाय गेला न्हाई अजून," मंदा म्हणाली.

"जायला काय उशीर हाय?"

मंदानं त्याला हाताला धरून वॉर्डाबाहेर काढलं. मनगट मुरगळलेल्या हातानं. पण तो बोलला ते माझ्याजवळच राहिलं. केस करावी तर मी माझ्या लेकीच्या घरावरच दगड मारणार. न करावी तर तिची आई आणि मी काय खाणार? पाय राहील का, याची भीती होतीच. पण पडल्या पडल्या छाताडावर बसायची ती दुसरीच भीती, की पायाच्या निमित्तानं लेक तुटणार.

त्यातच विहीणबाईंचा निरोप आला. "तुमची अडचण हाय. बाळंतपण आमच्याकडंच होऊ द्या." आता मागं वळून बघितलं तर तो चांगुलपणा होता. त्या दिवशी आम्हाला तो चांगुलपणा वाटला नाही. मंदा डबा आपटून म्हणाली, "म्हंजे आमी मेलो का?" मी म्हणालो, "मग काय करायचं? एका खाटेवर मी, एकीवर ती?" "करीन की. तुमास्नी कुणी विचारलं?" लग्नानंतर इतक्या कडू आवाजात आम्ही पहिल्यांदाच भांडलो, आणि तेही कुजबुजत, कारण शेजारचा नवा माणूस झोपला होता. भांडण झाल्यावर तिनं माझ्या पायाखालची उशी सरळ केली. माझ्याकडं बघितलं नाही, पण उशी सरळ केली.

मध्यंतरी पाय काळा पडत चालला. मांडीची कातडी काढून घोट्याला लावली. ती धरेल की नाही यात दिवस गेले. धरली. पाय राहिला, घोटा वाकत नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की तो कधी वाकणार नाही. म्हणजे ब्रेक दाबणं संपलं, खराही आणि खोटाही. मी "बरं" म्हणालो. तेव्हा डॉक्टर माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिले. मला वाटतं, माणूस "बरं" म्हणतो तेव्हा त्याच्याकडं जास्त वेळ बघायला पाहिजे.

घरी

घरी आलो ते सळयांसकट. बाळंतिणीसाठी म्हणून मंदानं जी खोली धुऊन, रंगवून ठेवली होती, त्यात माझी खाट टाकली. अंगणात शाळेची गाडी ताडपत्रीखाली. कुणी शिकायला आलं की मंदा दारातनंच सांगायची, "सध्या बंद हाय." सध्या या शब्दावर ती जोर द्यायची.

नववा लागायच्या सुमारास एका दुपारी दारात रिक्षा थांबली. अशू उतरली. पाठोपाठ दोन्ही हातांत पिशव्या घेऊन सुभेदार. बसनं आले होते दोघं.

"गाडी?" मी विचारलं. विचारल्यावर जीभ चावली.

"चावी कपाटात ठेवलीय," ते म्हणाले. "हातात धरवत न्हाई मास्तर." मग पहिल्यांदाच ते माझ्यासमोर बसले, खाटेच्या कडेवर. "माहेरी जायचंय म्हणून पोरगी दोन दिवस जेवली न्हाई. मी म्हणलं, चल. तुमी केस करा. मी कोर्टात हां म्हणणार. पण पोरीचं बाळंतपण अडवू नका."

म्हणजे विहीणबाईंच्या निरोपाला आमचं उत्तर गेलं नाही, त्यावरनं त्यांना वाटत होतं की दाव्यापायी आम्हीच तिला नको म्हणालो. दोन्ही घरांनी एकमेकांवर तोच एक संशय धरून दिवस काढले होते. मी त्यांना चहा घ्या म्हणालो. त्यांनी घेतला आणि संध्याकाळच्या बसनं परत गेले. दाव्याचं म्हणाल तर मी तो लावलेला नाही. जमेल तेवढा भार सुभेदारांनी आपणहून उचलला. तरी दुसऱ्या कुणाला मी "लावू नका" असं सांगणार नाही. ज्याचं त्याचं घर वेगळं, आणि वकिलाला वेळेत विचारलेलं बरं.

अशू घरात होती, पण माझ्या खोलीत येत नव्हती. भाकरीचा वास यायचा, तिच्या पावलांचा आवाज यायचा, आईशी बोलणं ऐकू यायचं. ताट मात्र मंदा आणायची.

कोमट पाणी

सळया जिथं कातडीत शिरतात ती जागा रोज पुसावी लागते. मंदा ते करायची. एके दिवशी तिला उकळून कोमट केलेलं पाणी हवं होतं आणि हात मोकळे नव्हते. तिनं हाक मारली, "अशू, पातेलं घेऊन ये गं."

ती आली. पातेलं घेऊन दारात थांबली. पाय उघडा होता. तिनं तो पहिल्यांदाच बघितला. लावलेली कातडी, सळया, घोट्याच्या जागी असलेलं ते काहीतरी. मला वाटलं आता पातेलं पडणार. पडलं नाही. तिनं ते नीट खाली ठेवलं, भिंतीला टेकून सावकाश बसली, पोट सांभाळत.

"आप्पा, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"गाडीचा विमा संपलाय ते. मामांना चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही, त्यांच्या फोनवरचं मीच वाचून दाखवते. दोनदा सांगितलं मी त्यांना. बघू म्हणाले. तिसऱ्यांदा सांगायला सून म्हणून जीभ रेटली नाही."

मंदाचा हात थांबला.

"तुम्ही गाडीत बसत होता तेव्हा मी आईला कुंकू लावत होते. माझं लक्ष तुमच्याकडंच होतं. मला वाटलं, आप्पा आता विचारतील. तुम्ही सगळ्यांना विचारता. बाळूमामाला विचारलं होतं. तुम्ही विचारलं असतं, तर मी तिथल्या तिथं सांगणार होते, मग काहीही होऊ दे. पण तुम्ही विचारलंच नाही. आणि मग मामांच्या तोंडासमोर मी आपणहून कसं बोलू? दार लावल्याचा आवाज आला. तुम्ही हात हलवलात." तिनं पातेल्याची कड पुसली. "मी तेवढं एक वाक्य बोलले असते तर तुम्ही त्या गाडीत बसला नसता. फोनवर तुमचा आवाज ऐकवत नव्हता मला. कुठल्या तोंडानं बोलू?"

बाप म्हणून मला त्या क्षणी खूप काही बोलता आलं असतं. लोकांना रस्त्यावर दिवसभर सूचना देणारा माणूस मी. आणि माझ्या तोंडातनं निघालं काय, तर, "पाणी गार झालं असंल बघ."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पातेल्यात बोट बुडवून बघितलं, "आहे कोमट," म्हणाली, आणि उठून गेली.

थोड्या वेळानं आतल्या खोलीतनं कपाटाचं दार वाजलं. पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. मग फोनवरचं तिचं बोलणं, "मामा, उद्या न्यायला याल का? ... नाही, कुणी काही म्हटलं नाही. आईला दोघांचं होत नाही. तिकडंच होऊ दे बाळंतपण."

मी मंदाकडं बघितलं. ती खाली मान घालून पुसत होती. शेवटची सळई पुसून झाली, कापूस बाजूला ठेवला, नवी पट्टी गुंडाळली, चिकटपट्टी दातानं तोडून लावली. मला वाटलं, ती आता पोरीवर रागावणार. मागच्या सीटवर तीही होती. तिच्या मनगटाला अजून कळ येत होती, आणि चहाचा तो प्रश्न तिलाच विचारलेला होता, हे ती विसरलेली नव्हती.

कोपऱ्यातला वॉकर ओढून तिनं माझ्या खाटेला टेकवला आणि मग बोलली.

"तिनं वरडून सांगितलं असतं, तरी तुमी बसलाच असता. व्याह्यानं दार उघडून धरल्यावर तुमी माघारी फिरणार व्हय? आणि तुमी बसल्यावर मीबी मागं बसलेच असते. उठा आता, तेवढं तिला सांगून या. मी सांगितलं तर तिला खोटं वाटंल."